कपाटातली रिकामी जागा

मागच्या वर्षी मुलाकडे मेलबर्नला गेले असताना तिथून दोन तासांवरच्या एका लहान गावातले स्थानिक इतिहासाचे संग्रहालय पाहिले. गावातल्या निवृत्त मंडळींनी हौसेने चालवलेले ते संग्रहालय होते. लोणी काढण्याचे यंत्र, शिवणयंत्रे, सोन्याच्या खाणीतली अवजारे, जुने फोटो असे सगळे त्यात होते. एका काचेच्या कपाटात मात्र हातभर जागा रिकामी होती आणि तिथल्या कार्डावर लिहिले होते की, ही वस्तू मूळ समाजाच्या विनंतीवरून काढली आहे.

तिथल्या वयस्कर बाईंनी मला नोंदवही उघडून दाखवली. नांगरताना सापडलेल्या दगडी कुऱ्हाडी शेतकरी पूर्वी आणून देत. वहीत देणाऱ्याचे नाव, तारीख, शेताचे ठिकाण हे सारे व्यवस्थित होते. पण ज्यांनी त्या घडवल्या, त्या लोकांचे नाव कुठेच नव्हते. काही वर्षांपूर्वी मंडळाने त्या परिसरातल्या ॲबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळनिवासी समाजातल्या ज्येष्ठांना बोलावले, सगळे खण त्यांच्यासमोर उघडले आणि काय मांडायचे, काय मांडायचे नाही, हे त्यांनाच ठरवू दिले.

मेलबर्न ज्या राज्यात आहे, त्या व्हिक्टोरियात २००६ सालापासून ॲबोरिजिनल वारशासाठी स्वतंत्र कायदा आहे आणि त्या-त्या भूमीच्या मूळ समाजाच्या नोंदणीकृत संस्थांना त्यात अधिकार आहेत. पण कायदा खण उघडायला लावू शकतो. ज्येष्ठांना चहा देऊन शेजारी बसवणे, त्यांनी दोन तास काहीही न बोलता वस्तू हाताळल्या तरी थांबून राहणे, हे माणसांनाच करावे लागते.

त्या शांततेमागे काय साठलेले असते, ते ट्रुगानिनीच्या हकिकतीवरून कळते. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरची ही ॲबोरिजिनल स्त्री १८७६ साली वारली. आपल्या देहाची चिरफाड होईल, ही भीती तिने मरण्यापूर्वी बोलून दाखवली होती. तरीही १८७८ साली तिचे शव उकरून काढले गेले, आणि १९०४ ते १९४७ तिचा सांगाडा होबार्टच्या संग्रहालयात लोकांना पाहायला ठेवला होता. तिच्या इच्छेप्रमाणे रक्षा समुद्रात सोडली गेली ती १९७६ साली, मृत्यूनंतर शंभर वर्षांनी. आणि संग्रहालयाने टास्मानियाच्या ॲबोरिजिनल समाजाची जाहीर माफी मागितली २०२१ साली. तिला ‘शेवटची टास्मानियन’ म्हणून दाखवत असताना तिचे भाऊबंद त्याच बेटावर जगत होते, हे मला सर्वांत अस्वस्थ करते.

वडोदऱ्याला परतल्यावर नातीला घेऊन कमाटीबागेतल्या संग्रहालयात गेले. सयाजीराव महाराजांनी १८९४ साली उभारलेले हे संग्रहालय आम्हा इथल्या मराठी घरांचे लहानपणापासूनचे. देवमाशाचा सांगाडा आणि इजिप्तची मम्मी पाहिल्याशिवाय आमची सुट्टी पुरी होत नसे. या वेळी मम्मीपाशी उभी राहिले आणि पहिल्यांदाच मनात आले की, ही कुणाची तरी लेक होती.

पुढच्या आठवड्यात, इथून सुमारे ९० किलोमीटरवर असलेल्या तेजगढच्या आदिवासी अकादमीत गेले. वडोदऱ्याच्या विद्यापीठात इंग्रजी शिकवणाऱ्या गणेश देवींनी तिची उभारणी केली. तिथल्या संग्रहालयाचे नावच ‘वाचा’ आहे. वस्तूआधी बोलणाऱ्याचा आवाज, हा त्या नावातला विचार मला फार मोलाचा वाटतो.

तिथे भेटलेल्या राठवा या आदिवासी समाजातल्या एका आजींना मी कौतुकाने आमच्या दिवाणखान्यातल्या पिठोऱ्याचा, म्हणजे त्यांच्याकडच्या देवादिकांच्या चित्राचा, फोटो दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि विचारले, “बेन, बाधा कुणाची होती?” बाधा म्हणजे नवस. पिठोरा घराच्या भिंतीवर काढला जातो तो आजारपण, गुरे किंवा मूलबाळ यांसाठी बोललेला नवस फेडायला. आधी घरातल्या कुमारिका भिंत सारवतात, लखारा म्हणजे चित्रकार घोडे रंगवतो आणि बडवा म्हणजे पुजारी येऊन चित्रातल्या प्रत्येक देवाची ओळख पटवतो, तेव्हा कुठे पिठोरा घरात आला असे मानतात. माझे चित्र शहरातल्या एका प्रदर्शनातून फ्रेमसकट आलेले. माझ्यापाशी उत्तर नव्हते.

घरी आल्यावर फ्रेम उतरवून मागची बाजू पाहिली. तिथे चिकटवलेल्या पावतीवर किंमत आहे, तारीख आहे आणि घेणारी म्हणून माझे नाव आहे. चित्र काढणाऱ्याचे नाव विचारायला त्या विक्रेत्याला मी दोनदा फोन केला आहे.