आधी मिक्सर माळ्यावर

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत नवं पोर आलं की मी त्याच्या आईची पिशवी बघते. बहुतेक वेळा तिच्यातून स्टीलचा डबा निघतो. डब्यात वरण-भात, गाजर, तूप असं सगळं असतं, पण मिक्सरमधून काढलेलं. आणि सोबत चार्ज केलेला मोबाईल.

लोक मला बोलायला शिकवणाऱ्या मॅडम म्हणून ओळखतात, ते बरोबरच आहे. पण वाचा-उपचाराच्या अभ्यासात चावणं आणि गिळणंही येतं, कारण बोलायला लागणारी जीभ, ओठ, जबडा खायलाही तेच लागतात. हे सांगितल्यावर एका आजींनी विचारलं होतं, "म्हंजे जेवायची शिकवणी?" मला ते फार आवडलं. हो, शिकवणीच.

मी म्हणते, घरी भरवता तसंच भरवा, मी नुसती बघते. कार्टून लागतं, तोंड उघडतं, चमचा आत जातो. "बघा, खातो की!" पण आत काय चाललंय? जबडा हलत नाही. जीभ पुढे-मागे होते, बाजूला जातच नाही. घास टाळ्याला चिकटून राहतो, नाहीतर थेट खाली. तीन वर्षांचं मूल जेवण पीत असतं, आणि पडद्याकडे बघत असल्यामुळे आपण काय गिळलं याचा त्याला पत्ता नसतो. त्याच पोराच्या हातात पोळीचा तुकडा द्या, ते हात झटकतं, मान फिरवतं, ओकारी काढतं. घरचे म्हणतात, नाटकं. नाटकं नसतात ती. ज्याला दाढेखाली घास कधी सापडलाच नाही, त्याला तुकड्याची भीतीच वाटणार.

चोखणं बाळ घेऊन येतं, चावणं शिकावं लागतं. सहा महिन्यांनी वरचं अन्न सुरू होतं तेव्हा जबडा नुसता वर-खाली होतो. घास जिभेने दाढेकडे नेणं, जबडा फिरवून दळणं हे नंतर येतं आणि दुसऱ्या वर्षानंतरही पक्कं होत राहतं. त्यासाठी तोंडात गुठळी यावी लागते. इंग्लंडात ब्रिस्टलच्या आसपास हजारो मुलांचा जन्मापासून मागोवा घेतलाय. त्यात नऊ महिने उलटून गेल्यावर ज्यांना गुठळ्यांचं अन्न मिळालं, त्यांच्या खाण्याच्या तक्रारी सातव्या वर्षीही जास्त दिसल्या. आता मुळात त्रास होता म्हणूनच आयांनी उशीर केला असेल, असंही म्हणता येईल. तरी मी घरी सांगते ते हेच, की मिक्सर माळ्यावर टाका. वरण-भात हाताने कुस्करा, आधी बारीक, मग जाडसर.

मिक्सर आळसाने चालत नाही, भीतीने चालतो. पोर आठव्या महिन्यातच जन्मलेलं असतं, नळीने दूध घेतलेलं असतं, कधीतरी उमासा आलेला असतो आणि घरभर धावपळ झालेली असते. लहान बाळाला उमासा लवकर येतो, कारण त्याची जागाच जिभेवर पुढे असते. वाढत्या वयात ती मागे सरकते. उमाशात आवाज असतो, डोळ्यांत पाणी येतं, घास पुढे ढकलला जातो. खरोखर अडकतं तेव्हा आवाज निघत नाही, आणि तिथे थांबायला वेळ नसतो. हा फरक मी प्रत्येक घराला समजावते. अख्खे शेंगदाणे, फुटाणे लहानांना नकोतच, हेही.

काही पोरांना मात्र मी हात लावायच्या आधी डॉक्टरांकडे परत पाठवते. पिता-खाताना रोज ठसका, जेवल्यावर घशात घरघर, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया, वजन थांबलेलं किंवा उतरलेलं. अन्न किंवा पाणी श्वासनलिकेत जात असेल तर ते कधीकधी खोकल्याशिवायही जातं. अशा वेळी बेरियम मिसळलेला घास देऊन चालू एक्स-रेवर गिळणं बघावं लागतं, माझ्या नजरेवर भागत नाही. सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा नसलेल्या, मुलांत तर हे हटकून लक्षात ठेवायचं. पैशांची अडचण असेल तर अंगणवाडीत येणाऱ्या आरबीएसकेच्या (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या) पथकाला दाखवा, असं मी सांगते. २०१३ पासून ही सरकारी तपासणी चालू आहे आणि गरज असलेल्या मुलाला ते पुढे पाठवतात.

आणि हिमोग्लोबिन. इथे मला आमच्या शहराशी थोडं भांडायचंय. एक आजोबा नातवाला रोज गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर नेत. समोर म्हैस पिळायची, फेसाळ पेला पोराच्या तोंडाला. "पैलवान करायचाय ह्याला." न उकळलेलं दूध लहान पोराला देऊच नये, हा एक भाग झाला. पण उकळूनही दिवसाला लिटरभर दूध पोटात गेल्यावर भूक लागणार कधी? दुधात लोह जवळजवळ नसतं. रक्त कमी झालं की भूक आणखी मरते, की पुन्हा दूध. आजोबांना मी सांगितलं, पैलवानाला दूध अर्ध्या लिटरच्या आत, तेही जेवणानंतर. ते रागावले. पुढच्या वेळी आले, तेव्हाही रागातच होते, पण दूध कमी केलेलं होतं.

मग खरं काम. आधी बैठक: पाय लोंबकळत असतील तर जबडा नीट चालत नाही. महागडी खुर्ची नको, पाटावर मांडी आणि पाठीला भिंत चालते. मग हात. पैलवानाला ओलं काही शिवायचं नव्हतं, म्हणून त्याच्या आजीने त्याला भाकरी थापताना शेजारी बसवलं. आधी कोरडं पीठ, कितीतरी दिवसांनी ओला गोळा. खाण्याचं नावही काढायचं नाही. नंतर माझ्याकडे तांदळाच्या तळलेल्या पापडीचा लांबट तुकडा, समोर नाही, बाजूने दाढेवर. ती लाळेत विरघळते, म्हणून अडकायची भीती कमी, आणि कुर्रकन वाजते म्हणून मजा. वाजलं की त्याने माझ्याकडे बघितलं आणि दुसरी बाजू पुढे केली. तिथून लोणी लावलेला भाकरीचा पापुद्रा.

मुलापेक्षा मोठ्यांना शिकवणं अवघड. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंची वाटणी मी भिंतीवर लिहून ठेवलीय: काय, कधी, कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. आजी म्हणाल्या, "आणि न्हाई खाल्लं तर?" प्रश्न रास्त आहे. नाही खाल्लं तर ताट उचलायचं, टोमणा न मारता. पण 'उपाशी ठेवा, झक मारून खाईल' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. स्वमग्न मुलं, चव-वासाला फार हळवी मुलं खरंच उपाशी राहतात. त्यांना आवडीची एक गोष्ट ताटात कायम ठेवून शेजारी नवी गोष्ट ठेवायची, पुन्हा पुन्हा, हट्ट न करता. दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर कुठे ती ओळखीची होते. आपण तिसऱ्या वेळेलाच "ह्याला आवडत नाही" म्हणून मोकळे होतो.

आता आजोबांची चौकशी वेगळीच. "मॅडम, मटन कधी?" मी म्हटलं, आधी मऊ शिजवलेला खिमा, बिनतिखटाचा. फोडीला जबडा गोल फिरावा लागतो, तो अजून अर्धाच फिरतोय.

"आणि पांढरा रस्सा?"

तो चालेल, म्हटलं, पण त्यात भाकरी कुस्करून द्या, आणि मिरी कमी.