टोचा सांबराचा की चितळाचा?

विदर्भातल्या एका उत्खननातली हाडाची आणि शिंगाची अवजारं नागपुरात प्रबंधासाठी माझ्याकडे आली. त्यात टोचे होते, म्हणजे भोकं पाडायची टोकदार अवजारं. शिंगं कुठल्या हरणाची, हे ठरवायचं होतं. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "टोचे राहू दे. आधी छाटणाची पिशवी उघड." छाटण म्हणजे अवजारं घडवताना कापून टाकलेले तुकडे. घासून गुळगुळीत केलेल्या टोच्यावर हरणाची ओळख उरतच नाही. ज्या खडबडीत पृष्ठभागावरून जात कळायची, तोच कारागिराने तासून टाकलेला!

आधी हाड की शिंग ते बघायचं. मोडलेल्या कडेला भिंग लावलं की आतलं दिसतं. पायाच्या लांब हाडात मधोमध मज्जेची पोकळी असते. सारंगाच्या, म्हणजे सांबर-चितळासारख्या शिंगं गाळणाऱ्या हरणांच्या, शिंगात बाहेर घट्ट थर आणि आत जाळीदार गाभा. काळविटाचं शिंग म्हणजे हाडाच्या खुंटावर चढलेलं केराटिनचं (नखं ज्याची बनतात त्या प्रथिनाचं) टोपण, ते मातीत सहसा टिकत नाही.

छाटणात मुळाकडचे तुकडे निघाले. सांबराचं शिंग जाड, खरखरीत, खोल पन्हळींचं. चितळाचं सडपातळ आणि त्यामानाने गुळगुळीत. दोघांच्याही शिंगाला साधारण तीनच टोकं, त्यामुळे टोकं मोजून भागत नाही. एका तुकड्याचं बुडाचं खडबडीत कडं शाबूत होतं. त्याखालची बाजू किंचित फुगीर, कवटीचा लवलेश नाही. म्हणजे आपोआप गळलेलं, रानातून वेचून आणलेलं शिंग. शिकारीची गरजच नव्हती. मला तर हे जातीपेक्षा मोलाचं वाटलं.

तुलनेला शिंगं आणणार कुठून? १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे जंगलात पडलेलं शिंगही उचलून आणता येत नाही. मापं संग्रहातल्या नमुन्यांवरच घेतली. महाराजबाग प्राणिसंग्रहालयाच्या चकरा फक्त नजर बसावी म्हणून.

"कोलॅजन तपासा ना," असं मित्र सुचवत होते. कोलॅजन म्हणजे हाडा-शिंगातलं प्रथिन. ती पद्धत २००९पासून रूढ होत गेली: ट्रिप्सिन या विकराने (एन्झाइमने) कोलॅजनचे तुकडे करायचे आणि त्यांच्या वजनांवरून प्राणी ओळखायचा. पण आपल्या उन्हाळ्यात जुनं कोलॅजन टिकणंच अवघड. शिवाय युरोपातसुद्धा रेनडिअर वेगळा निघतो, लाल हरीण आणि मूस मात्र सहसा एकाच गटात पडतात. त्यासाठी टोच्याचा कण खरवडायला मन धजेना.

शेवटी मुळाच्या जाड तुकड्यांपुढे 'सांबर' लिहिलं आणि टोच्यांपुढे 'सारंग कुळ, जात अनिश्चित'. 'बहुधा चितळ' लिहायचा मोह होत होता, पण आज पेंचच्या जंगलात चितळांचे कळप दिसतात एवढ्यावरून तसं कसं लिहिणार?