फिब्सबरोची तालीम

दरवर्षी फेब्रुवारीत एका शुक्रवारी संध्याकाळी सहाला आमच्या दाराची बेल वाजते. दारात शेजारचे आजोबा. गळ्यात लाल-काळा मफलर, खिशात छोटा रेडिओ आणि तोंडात ठरलेलं वाक्य, "चला, वर्ष सुरू झालं." एक जानेवारीशी त्यांचं काही देणंघेणं नाही. बोहिमियन्स या डब्लिनच्या फुटबॉल क्लबचा घरच्या मैदानावरचा पहिला सामना, हाच त्यांचा पाडवा.

मी कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. 2007 साली नोकरीसाठी डब्लिनला आलो आणि उत्तरेकडच्या फिब्सबरो भागात खोली मिळाली. फुटबॉलचं वेड काय असतं हे मला शिकवायची गरज नव्हती. आमच्याकडं फुटबॉलचा संघ म्हणजे तालीम. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, नावातच तालीम मंडळ. गणपती त्याच मंडळाचा आणि टीमही त्याच मंडळाची. सकाळी वर्गणीचं पावती पुस्तक घेऊन दारात उभं राहणारं पोरगं संध्याकाळी शाहू स्टेडियमवर कॉर्नर मारताना दिसायचं. युरोपातला क्लब म्हणजे मात्र कुणातरी अब्जाधीशाचा धंदा, असं टीव्ही बघून माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्यामुळं पहिल्याच सामन्याच्या मध्यंतरात आजोबांनी "तू सभासद झालास का?" असं विचारलं, तेव्हा मला वाटलं हे जिमचं विचारतायत.

बोहिमियन्सला मालकच नाही. क्लब सभासदांचा. वर्गणी भरायची, सभासद व्हायचं, आणि वार्षिक सभेत प्रत्येकाला एक मत. गेटवर तिकिटं तपासणारी, मफलर विकणारी, भिंतींवर चित्रं रंगवणारी बरीचशी माणसं हौसेनं राबणारी. हे ऐकल्यावर मी मराठीत म्हणालो, "म्हणजे तालीमच की ओ!" आजोबांना शब्द कळला नाही, पण सूर कळला. आज ते स्वतः क्लबला 'तालीम' म्हणतात. त्यांच्या तोंडून ते 'टालीम' असं येतं.

सामन्याला जायची वाट ठरलेली. नॉर्थ सर्क्युलर रोडवरून घरांच्या रांगेतल्या एका अरुंद बोळात वळायचं. मागं सेंट पीटर्स चर्चचा उंच मनोरा, पुढं फ्लडलाइटचे खांब. हे दिवे 1962 साली लंडनच्या आर्सेनलकडून जुने विकत घेतलेले, हे आजोबा दरवर्षी नव्यानं सांगतात. मी दरवर्षी "हो का?" म्हणतो. आत व्हिनेगरमध्ये भिजलेले चिप्स हातात घ्यायचे. ते खाताना मला न चुकता भडंगाची आठवण येते. मग आत कमालीची थंडी, वरून रिपरिप पाऊस आणि साडेचार हजारांच्या आसपास माणसांचा आवाज. शाहू स्टेडियमवर एखाद्या फायनलला याहून कितीतरी जास्त गर्दी असते, हे मी तिथं कुणाला सांगत नाही. सांगितलं तर खरं वाटणार नाही, आणि खरं वाटलं तर वाईट वाटेल.

पण आजोबांची खरी मैफल रंगते ती सप्टेंबरात. आमचं मराठी मंडळ दरवर्षी एका शाळेचा हॉल भाड्यानं घेऊन गणपती बसवतं. पहिल्या वर्षी मी आजोबांना शेजारधर्म म्हणून बोलावलं होतं. दुसऱ्या वर्षापासून त्यांना बोलवावं लागलं नाही. उकडीचे मोदक हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे क्लबचा वाढदिवस 6 सप्टेंबरला येतो. गणपतीची तारीख पुढंमागं होत राहते, पण आजोबांच्या मते हा दोघांचा एकच सण. आरतीआधी पोरांना सतरंजीवर बसवून ते गोष्ट सुरू करतात. पोरांना ती आता पाठ आहे. मधेच एखादं साल चुकलं तर पोरंच दुरुस्त करतात. (कधीकधी ते मुद्दाम चुकतात असा माझा संशय आहे.)

गोष्ट सुरू होते 1890 मध्ये. फिनिक्स पार्क या अवाढव्य बागेच्या गेटजवळच्या चौकीत काही पोरं जमली. त्यातली बरीच 'बेल्स अकॅडमी'त सरकारी नोकरीच्या परीक्षेची तयारी करणारी, काही बागेतल्याच लष्करी शाळेतली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मोठ्यानं हसलो होतो. स्पर्धा परीक्षेच्या क्लासची पोरं! अभ्यासाला बसायचं सोडून क्लब काढला. मुंबईत फुटबॉलचा रोव्हर्स कप सुरू झाला तो याच्या पुढच्या वर्षी, आणि पुण्या-मुंबईत सार्वजनिक गणपती बसायला लागले ते 1893 मध्ये. म्हणजे चार डोकी जमवायची आणि मंडळ काढायचं, ही हवा त्या दशकात सगळीकडंच होती म्हणायची.

क्लब निघाला, पण मैदान नव्हतं. आधी बागेतल्या पोलोच्या मैदानावर, मग जोन्स रोडला, मग ग्लासनेव्हिनला, असं बिऱ्हाड पाठीवर घेऊन अकरा वर्षं फिरले. 'बोहिमियन' नाव त्यांना शोभलं ते यामुळंच; लोक अजूनही त्यांना 'जिप्सी' म्हणतात. अखेर 7 सप्टेंबर 1901 रोजी फिब्सबरोतल्या डॅलिमाउंट या स्वतःच्या मैदानावर पहिला सामना झाला. समोर शेलबर्न. बोहिमियन्सनी 4-2 असा जिंकला. पहिला गोल हॅरोल्ड स्लोन याचा. इथं आजोबा थांबतात. स्लोन पहिल्या महायुद्धात, 1917 च्या जानेवारीत मारला गेला. एरवी दंगा करणारी पोरं इथं गप्प होतात. मग कुणीतरी बारकं विचारतं, "पण गोल कसा मारला?" आणि आजोबा मोदकाची वाटी खाली ठेवून, उठून, पायानं दाखवतात. तो गोल कसा झाला हे त्यांना कुठून ठाऊक असणार! दरवर्षी वेगळा मारतात. मागं एका वर्षी हेडर होता.

मला सगळ्यात आवडणारा भाग पुढचा. 1921 साली आयर्लंडची नवी लीग सुरू झाली. ती सुरू करणाऱ्या संघांत बोहिमियन्स होते. 1924 मध्ये ते पहिल्यांदा विजेते झाले आणि 1927-28 च्या हंगामात लीग, एफएआय कप (देशातली मोठी बाद पद्धतीची स्पर्धा), शील्ड आणि लेन्स्टर सीनियर कप असं मैदानावरचं सगळं उचललं. आणि खेळाडूंना पैसा मिळायचा नाही! सगळे हौशी. कुणी डॉक्टर, कुणी कारकून. आपल्या पेठेसाठी खेळायचं, कोल्हापुरात म्हणतात तसं ईर्षेनं. त्यांच्यातले डॉ. केव्हिन ओ'फ्लॅनगन तर आयर्लंडकडून फुटबॉलही खेळले आणि रग्बीही. नाद खुळा माणूस!

पण बाकीचे क्लब पैसे देऊन खेळाडू आणायला लागले आणि हे तत्त्वाला चिकटून बसले. 1936 नंतर लीग नाही, 1935 नंतर कप नाही. आजोबांचं बालपण, तारुण्य, लग्न, सगळं या कोरड्या वर्षांत उरकलं. "माझ्या बायकोनं मला हरणारा माणूस म्हणूनच पसंत केलं," असं ते म्हणतात. आजी शेजारी बसून मान डोलावतात. शेवटी 1969 मध्ये सभासदांनी खेळाडूंना पैसे द्यायचं ठरवलं, आणि दुसऱ्याच वर्षी, 1970 मध्ये, कप आला. पैसा बोलतो, दुसरं काय. आजोबांना तो कप हवा होता आणि तो ठराव नकोही होता. आजही त्यांना नीट सांगता येत नाही की त्या दिवशी आपण खूश होतो की नाही.

यानंतर गोष्ट भरधाव सुटते, कारण आतून आरतीची हाक आलेली असते. 1972 मध्ये ब्राझीलच्या सँटोसकडून खेळायला आलेला पेले याच गवतावर. 1980 च्या जुलैत बॉब मार्लेचा कार्यक्रम याच गवतावर. 1984 मध्ये ग्लासगोच्या रेंजर्सना इथं 3-2 हरवलं. तिकडं जाऊन 2-0 हरले, पण ते आजोबा गाळतात. एक सामना मात्र ते कधीच गाळत नाहीत. जानेवारी 2001, सँट्रीचं मैदान, समोर जन्माचे वैरी शॅमरॉक रोव्हर्स. मध्यंतराला 4-1 ने मागं. काही लोक उठून घरी गेले. शेवटी 6-4 ने जिंकले! त्या वर्षी लीग आणि कप दोन्ही घेतले. "आणि जे उठून घरी गेले..." असं म्हणून आजोबा आजींकडं बघतात. आजी म्हणतात, "मला थंडी वाजत होती." हा संवाद मी सतरा वर्षं ऐकतोय. कधीच शिळा होत नाही.

2008 आणि 2009 ची लागोपाठची विजेतेपदं मी स्वतः पाहिली. त्यानंतरची पडझडही पाहिली. मैदान विकून मोठं व्हायचा बेत होता, तो फिसकटला आणि क्लब कर्जात बुडाला. जवळ शिल्लक होती फक्त माणसं. त्या काळातल्या वार्षिक सभा मला आमच्या तालमीच्या सभांपेक्षा वेगळ्या वाटल्या नाहीत. तोच हिशेबाचा कागद, तीच मागच्या रांगेतली "खुलासा करा" ही मागणी, तोच अध्यक्षांचा घसा बसणं, आणि शेवटी तेच, "बरं, उद्या रंग द्यायला कोण कोण येणार?" एकच फरक. आमच्याकडं सभेनंतर तांबडा-पांढरा असायचा.

मग लोकांनी डोकं लढवलं. मार्लेच्या त्या कार्यक्रमाची आठवण म्हणून 2019 च्या हंगामासाठी जर्सीवर त्याचं चित्र छापायचं ठरलं. हक्कांची अडचण आली, तेव्हा त्या जागी वळलेली मूठ आली. पण तोवर क्लबचं नाव जगभर झालं होतं. पुढच्या वर्षी जर्सीवर 'निर्वासितांचं स्वागत' असं लिहिलं. ज्या गावातून पिढ्यान्‌पिढ्या लोक पोटासाठी बोटीत बसून गेले, त्या गावानं हे लिहिलं. माझ्या मुलानं ती जर्सी घातली आणि विचारलं, "बाबा, आपण निर्वासित आहोत का?" मी म्हटलं, नाही रे, आपण आयटीवाले. आजोबा हसून म्हणाले, "फरक फक्त व्हिसाचा."

2023 च्या नोव्हेंबरात कपची फायनल होती. समोर सेंट पॅट्रिक्स. 43,881 माणसं, या कपच्या फायनलचा उच्चांक. मंडळातली तीन कुटुंबं आमच्याबरोबर आली होती, त्यातल्या एका वहिनींनी डबाभर चकल्या आणल्या होत्या, कारण दिवाळीच होती त्या दिवशी. 3-1 ने हरलो. परत येताना ट्राममध्ये सगळे गप्प. चकल्या मात्र संपल्या.

आणि 2024 चे गणपती. चतुर्थी आली शनिवारी, 7 सप्टेंबरला, म्हणजे नेमकी डॅलिमाउंटच्या पहिल्या सामन्याच्या तारखेला. वर त्याच संध्याकाळी पाच वाजता डब्लिनमध्ये आयर्लंड-इंग्लंड सामना. मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेत पाच वाजता मुलांचे श्लोक होते. आजोबा हॉलच्या कोपऱ्यात रेडिओ कानाला लावून बसले. त्या दिवशी त्यांनी पोरांना 1890 सांगितलं नाही, 1957 सांगितलं. मे महिना, डॅलिमाउंटवर सत्तेचाळीस हजारांच्या आसपास माणसं, इंग्लंडविरुद्ध विश्वचषकाच्या पात्रतेचा सामना. आठ वर्षांचे आजोबा वडिलांच्या खांद्यावर. तिसऱ्याच मिनिटाला रिंगस्टेडनं गोल केला आणि मग उरलेला सगळा वेळ आयर्लंड पुढं. संघात शेजारच्या कॅब्राचा लियम व्हेलनही होता. पुढच्या फेब्रुवारीत म्युनिकच्या विमान अपघातात तो गेला, आज कॅब्रात त्याच्या नावाचा पूल आहे. अगदी शेवटच्या क्षणी इंग्लंडच्या ॲटियोनं बरोबरी साधली. डब्लिनकर सांगतात की त्यानंतरची शांतता पार शहराच्या मध्यावरच्या नेल्सनच्या खांबापर्यंत ऐकू गेली. "खांब पुढं उडवून दिला," आजोबा म्हणाले, "शांतता आहे अजून."

एवढ्यात रेडिओवर आरडाओरडा झाला. डेक्लन राइसनं गोल केला, इंग्लंडकडून. हा राइस आधी आयर्लंडच्या संघातून तीन सामने खेळलेला. पंधरा मिनिटांनी ग्रीलिश, तोही लहानपणी आयर्लंडकडूनच खेळलेला. आजोबांनी रेडिओ गुडघ्यावर ठेवला.

"दोन्ही गोल आमच्याच पोरांनी मारले," ते म्हणाले. "मग आम्ही हरलो कसे?"

माझ्या मुलाला हे पटलं. त्यानं पळत जाऊन हॉलभर सांगितलं की आयर्लंड दोन गोलनी पुढं आहे. थोडा वेळ टाळ्याही पडल्या. मग कुणीतरी निरांजन पेटवलं, टाळ वाटले. एक जोडी आजोबांच्या हातात गेली. त्यांनी रेडिओ बंद केला, उठून मफलर सारखा केला आणि 'सुखकर्ता'ला टाळ धरला. डॅलिमाउंटवर धरतात त्याच ठेक्यात, आमच्या सगळ्यांच्या अर्धी मात्रा पुढं.