मिलोदोनची गुहा बघा, पण सायकलने जाऊ नका

मिलोदोन म्हणजे झाडाला लटकणाऱ्या स्लॉथचा जमिनीवर वावरणारा, आता नामशेष झालेला अजस्र नातेवाईक. चिलीतल्या पुएर्तो नाताल्सहून त्याची गुहा २४ किलोमीटरवर. सायकल भाड्याने देणारा म्हणाला, "दोन तासांत पोचाल." वाऱ्याबद्दल त्याने अवाक्षर काढलं नाही. मला साडेचार तास लागले.

पातागोनियात वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे जाताना तो तोंडावरच. उतारावरही पेडल मारावं लागत होतं. मुख्य रस्ता सोडल्यावर एका झोताने मला सायकलसकट बाजूच्या गवतात फेकलं. दुसऱ्यांदा पडल्यावर उतरले आणि ढकलत निघाले. पाय कितीही तयार असले तरी इथे सायकल नकोच. चारपाच जण मिळून गाडी करा.

आत हाडं बघायला मिळतील या आशेनेही जाऊ नका. सहलवाल्यांच्या पत्रकावर केसाळ कातड्याचा फोटो होता, म्हणून मी तेच शोधत फिरले. इथे उभा आहे तो मिलोदोनचा मागच्या पायांवरचा पूर्णाकृती पुतळा. १८९५ मध्ये हर्मन एबरहार्ड या जर्मन वसाहतवाल्याला सापडलेल्या कातड्याचे तुकडे परदेशी गेले. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमकडे त्यातला एक आहे. लालसर केस आणि कातड्यात रुतलेले हाडाचे बारीक दाणे, जणू अंगातच चिलखत. थंड, कोरड्या गुहेत ते इतकं ताजं राहिलं की फ्लोरेंतिनो अमेघिनोसारख्या शास्त्रज्ञाला प्राणी अजून जिवंत असावा असं वाटलं. १९०० मध्ये लंडनच्या एका वृत्तपत्राने त्याच्या शोधात हेस्केथ प्रिचर्डला धाडलं. प्राणी काही मिळाला नाही. कातडं सुमारे तेरा हजार वर्षांपूर्वीचं निघालं.

आणि तरीही गुहा चुकवू नका! तोंड ८० मीटर रुंद, आत २०० मीटर खोल. छत नीट बघा: गोलसर गोटे काँक्रीटमध्ये बसवावेत तसे दिसतात. हिमयुगातल्या तळ्याच्या लाटांनी हा खडक पोखरला. आत शिरताच वारा थांबला, कान मोकळे झाले आणि मी अर्धा तास नुसती बसून राहिले. या अंधारात ते अजस्र जनावर लीद टाकत वावरत होतं, या विचाराने अंगावर काटा आला.

येताना वारा पाठीशी, सव्वा तासात गावात. पुतळ्यापाशी गर्दी असते. फोटो नंतर काढा, आधी थेट आत जा. जाकीट वारा अडवणारंच हवं, नुसत्या स्वेटरवर भागत नाही.