अमेरिकेतला गजराचा रेडिओ पुण्याच्या विजेवर

परदेशातल्या नातेवाइकांकडून आलेला घड्याळवाला रेडिओ तुमच्या घरात असेल आणि ‘त्याचं घड्याळ बिघडलंय’ म्हणून तो माळ्यावर गेला असेल, तर भंगारात देण्याआधी हे वाचा. बऱ्याचदा घड्याळ धडधाकट असतं. आमचं तसंच होतं.

आमच्याकडे तो आला नानांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी. त्यांना डोळ्याच्या पडद्याचा, मॅक्युलाचा त्रास आहे. कडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे नेमकं बघावं तेच धूसर होतं. मनगटावरचं घड्याळ केव्हाच सुटलं, पुढे भिंतीवरचंही दिसेना. थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी, त्यानंतर अर्ध्या तासानं चहा, असं त्यांचं वेळापत्रक. मोबाइलवर गजर लावून दिला, पण तो बंद करायला गुळगुळीत काचेवर बोट नेमकं कुठे टेकवायचं हे त्यांना उमगायचं नाही. सगळ्यात वाईट म्हणजे रात्री जाग आली की ‘किती वाजले’ एवढं विचारायला आईला उठवावं लागायचं. ते त्यांना फार लागायचं.

ताई न्यू जर्सीला असते. तिला फोनवर हे सगळं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “माझ्याकडे एक जुना क्लॉक रेडिओ आहे, इंचभर मोठ्या लाल आकड्यांचा. येताना आणते.” आणला. काळं खोकं, समोर लाल आकडे, वर लांबट बटणं आणि बाजूला रेडिओ लावायचं खाचांचं चाक. या चाकाचं महत्त्व पुढे कळलं.

खोक्याच्या तळाला लेबल होतं: एसी १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, ५ वॅट. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट येतात, त्यामुळे तो थेट लावला असता तर जळाला असता. यासाठी व्होल्ट उतरवणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर मिळतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. फक्त तो घेताना हातात धरून बघा. जड, लोखंडी गाभ्याचा असेल तोच घ्या. हेअर ड्रायर, इस्त्री अशा तापणाऱ्या वस्तूंसाठी हलके इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर विकतात. ते घड्याळ-रेडिओला चालत नाहीत. रेडिओला जेमतेम पाच वॅट लागतात, म्हणून पन्नास-शंभर वॅटचा छोटा स्टेप-डाऊन पुरतो. आम्ही तो बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून घेतला.

रात्री दहा वाजता घड्याळ लावलं. नाना कुशीवर वळून, मान थोडी तिरपी करून म्हणाले, “दहा... दहा वाजून दोन. दिसतंय रे.” आई नुसती हसली. अकरा वाजता मी खोलीत डोकावलो, तर लाल आकडे १०:५० दाखवत होते. सकाळी सहा वाजता तिथे ४:४० होते. साडेपाचला लावलेला गजर सात वाजता झाला.

ताई हळहळली, “जुनं झालं असेल गं ते, आई. तिथे मात्र कधी चुकलं नाही.” मला मात्र त्या मागे पडण्यातली शिस्त विलक्षण वाटली. तासाला बरोब्बर दहा मिनिटं, ना कमी ना जास्त. बिघडलेलं यंत्र इतकं नेमकं चुकत नाही. लेबलवर ६० हर्ट्झ होतं, म्हणजे विजेची सेकंदाला ६० आवर्तनं; आपल्याकडे ती ५० असतात. ५० आणि ६० यांचं गुणोत्तर पाच-सहाचं, आणि तासातली पन्नास मिनिटं हेही पाच-सहाचंच.

आपल्या भिंतीवरच्या घड्याळात क्वार्ट्झचा स्फटिक असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि त्यावर वेळ चालते. या लाल आकड्यांच्या घड्याळात बहुधा तसलं काही नसतं. ते भिंतीतून येणाऱ्या विजेचीच आवर्तनं मोजतं. अमेरिकेत वीज सेकंदाला ६० आवर्तनं करते, म्हणून साठ मोजून झाली की ते एक सेकंद पुढे सरकतं. आपल्याकडे सेकंदाला ५० आवर्तनं होतात. म्हणजे साठ मोजायला त्याला १.२ सेकंद लागतात आणि त्याचा एक तास आपल्या ७२ मिनिटांचा होतो. स्टेप-डाऊन व्होल्ट उतरवतो, हर्ट्झला हात लावत नाही. कितीही महागाचा घेतला तरी नाही.

काही रेडिओंच्या मागे किंवा तळाला ‘५० / ६०’ असा बारीकसा सरकता खटका असतो. तो असेल तर काम नखानं होतं. आमच्याकडे नव्हता. मग ज्या दुकानातून स्टेप-डाऊन घेतला होता, त्याच्याच वरच्या मजल्यावर बसणाऱ्या कारागिराकडे रेडिओ नेला. त्यांनी मागचे स्क्रू काढले, झाकण अलगद बाजूला केलं आणि दिव्याखाली धरून एका काळ्या, अठ्ठावीस पायांच्या आयसीवरचा, म्हणजे चिपवरचा, नंबर वाचला: एलएम ८५६०. “हा जगभरच्या घड्याळ-रेडिओत असतो,” ते म्हणाले. “याचा एक पाय फक्त पन्नास की साठ एवढंच ठरवतो. कंपनीनं अमेरिकेसाठी तो साठवर ठेवलाय.” बोर्डावर त्या पायाशेजारी जंपरसाठी, म्हणजे जोडतारेसाठी, दोन रिकामी भोकं होतीच. त्यांनी नखाएवढी तार वाकवून त्यात बसवली, खालून डाग दिला, उरलेली टोकं कापली. माझा चहा संपायच्या आत काम झालं. नंतर त्यांनी रेडिओ तसाच चालू ठेवून पुरता तासभर आपल्या मोबाइलशी ताडून पाहिला आणि मगच झाकण लावलं. घाईच्या बाजारात बसून एका जुन्या रेडिओसाठी तासभर थांबणाऱ्या त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

आतला ट्रान्सफॉर्मरच २३० व्होल्टचा बसवता येईल का, हेही मी विचारलं. ते नको म्हणाले. घड्याळ-रेडिओच्या ट्रान्सफॉर्मरमधून आकड्यांसाठी आणि रेडिओसाठी वेगवेगळी जोडणी निघते, तसाच दुसरा मिळणं कठीण. त्यापेक्षा स्टेप-डाऊन राहू दे. एक मात्र सांगितलं: ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जरा जास्त गरम होतो, तेव्हा रेडिओवर कापड टाकायचं नाही आणि मागची जाळी भिंतीला चिकटवायची नाही. (हे काम घरी करू नका. झाकण उघडल्यावर आत विजेची उघडी टोकं असतात.)

आता रेडिओचा भाग. यासाठीच खरं तर नानांना तो हवा होता.

ताईकडे याच्यापेक्षा नवा, आकड्यांवर स्टेशन लावायचा सेटही होता. तो तिनं आणला नाही हे नशीब. अमेरिकेत मध्यम लहरींवर (मीडियम वेव्हवर) स्टेशनं दहा-दहा किलोहर्ट्झच्या अंतरावर असतात, आपल्याकडे नऊ-नऊच्या. तिथला डिजिटल सेट ७९० वरून उडी मारून ८०० वर जातो; आकाशवाणी पुणे ७९२ वर. एफएमवरही तिथे १००.९ नंतर थेट १०१.१ येतं आणि आपली पुण्याची विविध भारती १०१ वर, नेमकी मधल्या फटीत. चाकाच्या सेटला या पायऱ्या नसतात. चाक हळूहळू फिरवा, हवं तिथे थांबा. डायलवर ८० चा आकडा यायच्या किंचित आधी पुणे केंद्र लागलं आणि नानांनी स्वतः चाक पुढेमागे करून आवाज स्वच्छ केला. तिथे डोळ्यांचं काम नव्हतंच.

खरखर मात्र होती. मध्यम लहरींचा अँटेना सेटच्या आतच असतो, फेराइटची कांडी. तिला दिशा असते. खोकं जागच्या जागी पाव वळसा फिरवलं की स्टेशन उमटतं किंवा बुडतं. शिवाय उशाशेजारचा मोबाइलचा चार्जर आणि छतावरचा स्वस्तातला एलईडी बल्ब, दोघंही खरखर ओततात. चार्जर दुसऱ्या खोलीत नेला, बल्ब बदलला. स्टेप-डाऊनची घुंई रात्रीच्या शांततेत ऐकू यायची, म्हणून तो पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर ठेवला. एफएमसाठी मागे जी बारीक वायर लोंबते तिची गुंडाळी सोडून ती पडद्याच्या दांडीवर ताणली. गुंडाळून ठेवलेली वायर काही कामाची नाही.

गजराची बटणं आधी कोड्यात टाकतात, पण रीत साधी आहे. ‘अलार्म’ दाबून धरायचं आणि त्याच वेळी ‘अवर’ किंवा ‘मिनिट’ दाबायचं. वेळ लावायची तर ‘टाइम’ दाबून धरायचं. आकडे बारा तासांचे असतात आणि दुपारनंतरची वेळ असेल तर कोपऱ्यात एक बारीक ठिपका पेटतो. नानांना तो ठिपका दिसत नाही, म्हणून गजर लावायचं काम माझं. बंद करायचं काम त्यांचं. कोणतं बटण कोणतं हे कळावं म्हणून आईनं आपल्या पाकिटातली खड्याची टिकली काढून गजर बंद करायच्या बटणावर लावली आणि शेजारच्या ‘स्नूझ’च्या लांब पट्टीला तशीच सोडली. अंधारात बोट खड्यावर गेलं की गजर बंद, गुळगुळीत पट्टीवर गेलं की नऊ मिनिटांनी पुन्हा. टिकली अजून निघालेली नाही.

गजर रेडिओनं व्हावा की कर्कश बझरनं, हे खटका ठरवतो. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: रेडिओवर ठेवलात तर सकाळी आवाज तेवढाच येतो, जेवढा रात्री ठेवून तुम्ही झोपलात. नाना रात्री ‘स्लीप’ लावून गाणी ऐकतात. ते बटण ५९ मिनिटांपासून उलटं मोजत रेडिओ आपोआप बंद करतं. आवाज मात्र त्यांनी अगदी बारीक केलेला असतो. म्हणून झोपण्यापूर्वी आवाजाचं चाक अर्ध्यावर आणायचं, ही त्यांची आता सवय झाली आहे.

दुसरं, गजराच्या वेळी स्टेशन सुरू असलं पाहिजे. नानांना साडेपाच हवे होते, पण पुणे केंद्राची सकाळची सभा, म्हणजे सकाळचं प्रसारण, सहाच्या जरा आधी सुरू होते, त्यामुळे नुसतीच खरखर यायची. डॉक्टरांना विचारून गोळी थोडी पुढे नेली आणि गजर सभेच्या किंचित आधीचा लावला. आता आधी हलकी खरखर येते आणि मग आकाशवाणीची ती संकेतधून. वॉल्टर कॉफमन नावाच्या संगीतकारानं ती १९३०च्या दशकात बांधली. नाझींच्या छळामुळे युरोप सोडून आलेला हा माणूस मुंबईच्या रेडिओ केंद्रात पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळत होता. तंबोऱ्यावर चालणारे ते व्हायोलिनचे सूर ऐकत नाना उठून बसतात, गोळी घेतात आणि पुढे घड्याळाकडे बघतही नाहीत. वंदे मातरम्, भक्तिगीतं, नंतर ‘इयम् आकाशवाणी’ ऐकू आलं की सात वाजायला आले; प्रादेशिक बातम्या संपल्या की आंघोळीची वेळ. ज्याला तबकडी दिसत नाही त्याच्यासाठी सकाळची सभा हेच घड्याळ आहे. म्हणून मध्यम लहरींची केंद्रं बंद करायची चर्चा निघाली की माझा जीव खालीवर होतो.

विजेचं काय, हा प्रश्न राहिलाच. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जातात. सेटच्या पोटात नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी घालायची जागा असते. ती असेल तर लाइट गेल्यावर आकडे विझतात, पण वेळ आणि गजर आतल्या आत चालू राहतात. त्या काळात मोजायला भिंतीतली आवर्तनं नसतात, त्यामुळे लाइट आल्यावर घड्याळ काही मिनिटं इकडेतिकडे झालेलं असतं. बॅटरी नसेल तर लाइट आल्यावर आकडे उघडझाप करत राहतात आणि गजर विसरायचा. दिवाळीला बॅटरी बदलायची, असं मी ठरवून टाकलं आहे.

लाइट गेले नाहीत तरी घड्याळ थोडं सरकतं. त्याचं कारण समजल्यापासून हा रेडिओ मला आणखी आवडू लागला. देशात विजेची मागणी वाढली की सगळ्या टर्बाइनवर ताण येतो आणि आवर्तनं कणभर मंदावतात. मागणी उतरली की वेग वाढतो. ग्रिडच्या, म्हणजे देशभरच्या वीजवाहिन्यांच्या जाळ्याच्या, नियमांनुसार ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवायची असतात. दिवसभर ४९.९० राहिली तर आमचं घड्याळ जवळजवळ तीन मिनिटं मागे पडेल. तसं होत नाही, कारण संध्याकाळी मागणी चढू लागली की कोयनेसारखी, मिनिटांत सुरू होणारी जलविद्युत केंद्रं मदतीला येतात. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली, दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी जुळलं आणि तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी एकच आवर्तन चालतं. नानांच्या उशाशी जे लाल आकडे सरकतात, ते त्याच्याच तालावर.

जो थोडा फरक पडतो तो नाना स्वतः पकडतात. रेडिओवर निवेदकानं वेळ सांगितली की मला हाक येते, “अरे, एक मिनिट मागे आहे बघ.” मी ‘टाइम’ धरून मिनिट पुढे करतो.

ताईच्या मैत्रिणीलाही तिच्या सासऱ्यांसाठी असाच सेट पाठवायचा आहे. तिला मी एवढंच कळवलं: चाकाचा सेट बघ, आणि घेण्याआधी तळाचं लेबल वाच. ‘५० / ६० हर्ट्झ’ लिहिलं असेल किंवा मागे खटका असेल तर फक्त स्टेप-डाऊन पुरेल. नुसतं ‘६० हर्ट्झ’ असेल तरी पाठव, पण त्या तारेच्या तुकड्याचं काम इथे करून घ्यावं लागेल. कारागिराचा पत्ता माझ्याकडे आहे.