चार जणी संपल्या, बारा जणी चालू: जून ते नोव्हेंबरची वाचन-नोंद

आधी हिशेब देते, कारण मार्चनंतर मी काहीच लिहिलेलं नाही आणि दोघीतिघींनी विचारलं की वाचन सुटलं की काय. सुटलं नाहीये. जूनपासून आत्तापर्यंत शॅरन गार्लो ब्राउन यांच्या 'सेन्सिबल शूज'चे चारही भाग झाले, नेटा जॅक्सन यांच्या 'द याडा याडा प्रेयर ग्रुप'चे सातपैकी चार झाले, पाचवा अर्ध्यावर आहे. मधे एक आमिश (अमेरिकेतला जुन्या, साध्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती पंथ) कादंबरी घेतली होती, गोधड्या शिवणाऱ्या बायकांची आहे म्हणून घेतली पण त्यात गोधडी कमी आणि लग्नच जास्त निघालं, साठ पानांवर ठेवून दिली. लग्नाच्या गोष्टींचा ख्रिस्ती कादंबऱ्यांत तोटा नाहीच, १९७९ साली जॅनेट ओक यांची 'लव्ह कम्स सॉफ्टली' आली आणि त्या वाटेवर पुढे ढिगाने पुस्तकं आली. मला हव्यात त्या मैत्रिणींच्या मालिका, म्हणजे चारपाच बायका, एकमेकींच्या घरी जाणं-येणं, कोणाचं तरी काहीतरी बिनसलेलं, आणि पुढच्या भागात त्याच बायका परत भेटणार ही खात्री.

ही खात्रीच मला सगळ्यात जास्त लागते. एका पुस्तकात भांडण झालं तर लेखिकेला शेवटच्या पानाच्या आत ते मिटवावंच लागतं, मग ते घाईत मिटतं आणि आपल्याला कळतं की घाईत मिटवलंय. मालिकेत तसं नसतं. पहिल्या भागात दुखावलेली बाई दुसऱ्या भागभर गप्प राहू शकते, तिसऱ्यात अर्धंमुर्धं बोलते. खऱ्या मैत्रीत मी तरी असंच बघितलंय, वर्ष वर्ष जातं.

नवीन जणींसाठी थोडं सांगते. आम्ही मूळचे नगरकडचे मराठी ख्रिस्ती, माझा जन्म मुंबईतला, राहते बोरिवलीला, ऑफिस चर्चगेटला. इंग्रजी वाचनाचा स्पीड फार नाही. सकाळची बोरिवलीहून सुटणारी स्लो, लेडीज डबा, तासभर बसायला मिळतं, तेवढंच माझं वाचन. संध्याकाळी उभ्याने येते तेव्हा किंडल काढायची सोय नसते.

तर जूनमधे 'सेन्सिबल शूज' सुरू केलं. मिशिगनमधे एक साधनाकेंद्र आहे, तिथे चार अनोळखी बायका येतात. हॅना स्वतः पाळक आहे आणि तिला चर्चने सक्तीच्या लांब सुट्टीवर पाठवलंय, मेग विधवा आणि घाबरट, माराचं घरात पटत नाही, आणि चरिसा पीएचडी करणारी, सगळं पर्फेक्टच पाहिजे अशी. दर वेळी केंद्रात एखादी प्रार्थनेची पद्धत शिकवतात आणि प्रत्येकीचं त्यातून काहीतरी वर येतं. सुरुवातीला मला हे जरा शिबिरासारखं वाटलं, मधे मधे शिकवणीची पानंच येतात, खरं सांगते ती मी पहिल्यांदा सोडून दिली होती. पण हॅनाने धरून ठेवलं. बाकीच्यांसाठी प्रार्थना करून करून थकलेली बाई, जिच्यासाठी कोणी करत नाही. आमच्या महिला मंडळात अशा किती जणी बघितल्यात मी, माझी आई त्यातलीच.

जूनच्या शेवटाला एकदा असा पाऊस लागला की गाडी माहीमच्या पुढे जाऊन थांबली ती थांबलीच. मी वाचत होते आणि डोळ्यांत पाणी आलेलं मला कळलंच नाही. आमचा ट्रेनचा ग्रुप आहे, पाच जणींचा, आठ वर्षं झाली. कांदिवलीची डाऊन करून येते, म्हणजे आधी उलटी बोरिवलीला येऊन तिथून बसते, म्हणून तिला खिडकी, मी दोन सीट धरते, एक मालाडवाल्या ताईंची आणि एक गोरेगाववाल्या काकूंची. पाचवी दहिसरची, ती कधी असते कधी नसते. मालाडवाल्या ताई मला म्हणाल्या, "काय गं, कोण गेलं त्यात?" म्हटलं कोणी गेलं नाही हो ताई, एका बाईला कोणीतरी पहिल्यांदा विचारलं की तू कशी आहेस. त्या म्हणाल्या, "मग सांग की आम्हाला पण, गाडी काय हलत नाहीये."

आणि मी सांगायला लागले. तेव्हापासून माझा छंद बदललाय असंच म्हणा, मी आता वाचते ते सांगण्यासाठी वाचते. आदल्या रात्री अर्धा तास झोपायच्या आधी, आणि सकाळी मालाडपासून अंधेरीपर्यंत कथाकथन. ज्यांनी कधी केलं नसेल त्यांनी करून बघा, पुस्तक दुप्पट कळतं. कारण मराठीत सांगायचं म्हटलं की प्रत्येक गोष्टीपाशी थांबावं लागतं.

उदाहरणार्थ कॅसरोल. या पुस्तकांत कोणी आजारी पडलं, कोणाचं कोणी वारलं की पहिली मैत्रीण दारात कॅसरोल घेऊन उभी. मी तसंच सांगितलं, की ती कॅसरोल घेऊन आली. तर काकू म्हणाल्या, "रिकामा?" आपल्याकडे कॅसरोल म्हणजे पोळ्यांचा डबा ना. मग मी सांगितलं की ओव्हनमधे भाजलेला पदार्थ असतो, भाजी-चिकन-चीज सगळं एकात, भांड्यासकट आणून देतात. त्यावर दहिसरची म्हणाली, म्हणजे खिचडी. बरोबर आहे, खिचडीच. तेव्हापासून आमच्या ट्रेनमधे मिशिगनच्या बायका खिचडी घेऊन जातात आणि गोष्टीचं काही बिघडत नाही, उलट जास्त पोचते.

दुसरं लॅबिरिंथ. त्या केंद्राच्या आवारात एक आहे, त्यावरून चालत प्रार्थना करतात. मी चक्रव्यूह म्हटलं आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर अभिमन्यू. "अडकते का मग ती?" आता आली पंचाईत, कारण लॅबिरिंथमधे अडकायचं नसतंच मुळी. भूलभुलैयाला फाटे असतात, वाट बंद होते. लॅबिरिंथला एकच वाट, वळणं घेत घेत मध्याला जाते, मधेच वाटतं आलो जवळ आणि पुढच्या वळणाला पार बाहेरच्या कडेला येतो, पण चालत राहिलं की पोचतोच, आणि त्याच वाटेने परत बाहेर. तोंडाने सांगून कळेना. मग काकूंनीच खिडकीच्या वाफाळलेल्या काचेवर बोटाने काढायला घेतलं, मी सांगतेय आणि त्या वळवतायत, रांगोळीचा हात आहे त्यांचा, एकदाही बोट न उचलता मध्यापर्यंत नेलं. मग त्याच रेघेवरून बोट उलटं बाहेर आणलं आणि म्हणाल्या, "म्हणजे ही प्रदक्षिणाच आहे, फक्त आतल्या बाजूला जाणारी." मी त्या रात्री घरी जाऊन सोडून दिलेली शिकवणीची सगळी पानं वाचून काढली.

तिसरी अडचण प्रार्थनांची, आणि ती माझी एकटीची होती. पुस्तकातल्या प्रार्थना अगदी साध्या इंग्रजीत, बोलल्यासारख्या. मी त्या मराठीत सांगायला गेले की तोंडातून आपोआप 'हे दयाळू स्वर्गीय पित्या, आम्ही तुझ्या चरणी येतो' असं यायचं, आईचा आवाज, महिला सभेतला. ग्रुपमधल्या बाकी चौघी हिंदू, मालाडवाल्या ताईंच्या घरात तर वारी आहे. मला वाटायचं यांना हे परकं वाटेल, थोडं कमी करावं. एकदा मी प्रार्थनेचा भाग गाळून पुढे गेले तर ताई म्हणाल्या, "थांब, ती देवाला काय म्हणाली ते राहिलं." तेव्हापासून मी गाळत नाही.

'सेन्सिबल शूज'चा चौथा भाग ऑगस्टच्या सुरुवातीला संपला. शेवट सांगत नाही, फक्त तिसरा भाग वाचायला घेताना चौथा हाताशी ठेवा, मधे गॅप घेऊ नका. पुस्तकांचं विचाराल तर मला पहिला आणि दुसरा माटुंग्याला फुटपाथवर सेकंडहँड मिळाले, बाकीचे किंडलवर घेतले.

मग 'याडा याडा'. पहिला भाग २००३ चा. शिकागोमधे बायकांचं एक संमेलन असतं, तिथे बारा जणींना एका प्रार्थना गटात टाकतात, एकमेकींची ओळख ना पाळख. सांगणारी जोडी, गोरी, शाळेत शिक्षिका, नीटनेटकी. बाकीच्यांत कोणी जमैकाची, कोणी होंडुरासची, कोणी दक्षिण आफ्रिकेची, एक जपानी विद्यार्थिनी, एक ज्यू, एक तुरुंगातून सुटून आलेली. नावातला याडा हा हिब्रू शब्द आहे, अर्थ जाणणं, ओळखणं. मला ही मालिका पहिलीपेक्षा जास्त आवडतेय, आणि कारण असं की इथे जोडी चुकते. चांगल्या मनाने बोलते आणि समोरचीला लागतं, जात-रंग-पैसा सगळं मधे येतं, आणि माफी मागून लगेच सगळं गोड होत नाही. आपल्याकडेही प्रार्थनासभेत कोण कोणाच्या घरी चहा पितं आणि कोण पीत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, त्यावर कोणी लिहीत नाही.

इथे माझी एक खंत बोलून दाखवते. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ ची. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात, ती एका ख्रिस्ती माणसाने लिहिली, आणि तिचा विषय काय, तर विधवांची दुःखं, यमुना नवऱ्याबरोबर फिरते आणि ठिकठिकाणच्या विधवांची गाऱ्हाणी तिच्यापर्यंत येतात. पुढे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आहेतच, मी दर दोन वर्षांनी वाचते. एवढी सुरुवात असताना भायखळ्याच्या, मालवणीच्या, नगरच्या चार ख्रिस्ती मैत्रिणींची चार भागांची मालिका मला मराठीत का मिळू नये? मिशिगन आणि शिकागो मला आवडतात, पण नाताळाला करंज्या करणारी बाई मला त्यात कधीच भेटत नाही. कोणी लिहीत असेल तर मला कच्चं पाठवा, मी वाचेन.

आता सप्टेंबर. गणपतीनंतरच्या आठवड्यात मालाडवाल्या ताईंच्या मिस्टरांची बायपास ठरली. ताईंचं ट्रेनला येणं बंद. आम्ही ग्रुपवर डब्याचे वार लावून घेतले, सोमवार कांदिवली, मंगळवार-गुरुवार मी, बुधवार काकू, असं. मी पहिल्या मंगळवारी हॉस्पिटलच्या जिन्यात त्यांना डबा दिला, त्यांचे डोळे सुजलेले, नीट बोलता येत नव्हतं, मला वाटलं आता पटकन निघावं. तर त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "तुझ्या त्या बारा जणींना सांग ना गं, ह्यांच्यासाठी प्रार्थना करायला."

मला काय बोलावं सुचेना. मी हो म्हटलं. मग रात्री घरी बसून मी जे केलं ते इथेच सांगू शकते, माझी वाचनाची वही आहे, मागच्या पानावर मी प्रत्येक मालिकेतल्या बायकांची नावं आणि कोण कोणाची कोण ते लिहून ठेवते. त्या पानावर बारा नावं होतीच. त्यांच्या खाली मी आमची पाच नावं लिहिली, ताईंच्या नावापुढे त्यांच्या मिस्टरांचं, आणि मोठ्याने प्रार्थना केली, आईच्या आवाजात, हे दयाळू स्वर्गीय पित्या पासून सगळी.

ताईंना गोष्ट चुकू नये म्हणून मी व्हॉइस नोट पाठवायला लागले. सहासात मिनिटांची एक, रात्री भांडी झाल्यावर. दुसऱ्या भागात त्यांच्या बैठकीत एक नशा करणारी बाई चाकू घेऊन घुसते आणि सगळ्यांना लुटते, तो प्रसंग मी दोन नोटमधे सांगितला, कारण मधेच आमची बेल वाजली. ताईंचा रात्री दीड वाजता मेसेज, पुढचं पाठव, मी आयसीयूच्या बाहेर बसलेय. मी उठून बाथरूममधे जाऊन उरलेलं रेकॉर्ड केलं, घरचे उठू नयेत म्हणून हळू आवाजात. एकूण एकतीस नोट झाल्या. ताई त्या काकूंना फॉरवर्ड करायच्या, काकू त्यांच्या सुनेला, आता ती सून पण विचारते.

ऑपरेशन नीट झालं. तब्येत सावकाश सुधारतेय, आठवड्यापूर्वी डॉक्टरांनी सांगितलं की दिवसा एकटे राहिले तरी चालेल.

ह्या सोमवारी मी नेहमीसारख्या दोन सीट धरल्या. मालाडला दार भरलेलं होतं, त्यातून आधी पिशवी आत आली आणि मग ताई. बारीक झाल्यात. बसल्या, पिशवीतून मटार काढले, आमच्या चौघींच्या ओंजळीत थोडे थोडे टाकले सोलायला, दोन शेंगा स्वतः सोलल्या. जोगेश्वरी आली तरी कोणी काही बोलत नव्हतं.

मग ताई म्हणाल्या, "हं. ती चाकूवाली. तिला घेतलं की नाही त्यांनी आपल्यात?"

पाचव्या भागाची अजून निम्मी पानं बाकी आहेत. सहावा आणि सातवा कोणाकडे छापील असेल तर कळवा, काकूंच्या सुनेला हातात धरून वाचायचंय.