दीड लाखाच्या आत

दुपारी जेवून जरा आडवी झाले, तेवढ्यात मोबाइलवर लॅबचा रिपोर्ट आला. दरवर्षीचीच तपासणी. साखर ठीक, हिमोग्लोबिन ठीक. प्लेटलेट्स, म्हणजे जखमेतून वाहणारं रक्त थांबवणारे रक्तातले बारीक कण, १.४६ लाख, आणि नेमकी तेवढीच ओळ ठळक अक्षरांत. शेजारी छापलेलं होतं, दीड ते साडेचार लाख. म्हणजे चार हजारांनी नापास. डॉक्टर म्हणाले, काही नाही, सोडून द्या. पण ठळक अक्षर दिसलं की माझी झोप उडते, मग ते विजेच्या बिलावर का असेना.

तसंही पावसाळा सरता सरता आमच्याकडे ‘ताप उतरला का?’ असं कुणी विचारत नाही. ‘प्लेटलेट्स किती?’ असंच विचारतात. किवी हे फळ आमच्या घरात डेंग्यूनेच आणलं. सोसायटीतलं पपईचं झाड तर दर सप्टेंबरात पार बोडकं होतं. तो हिरवाकंच कडू रस मीही प्यायले आहे. नाक दाबून, सासूबाई समोर उभ्या. डेंग्यूचा जोर ओसरला की प्लेटलेट्स आपल्या आपणही वर येतात म्हणे, पण सासूबाईंसमोर हे बोलायची कुणाची छाती आहे?

आपण इतके आकडे मोजतो, पण शरीर काही मोजत बसत नाही. हाडांच्या पोकळीतल्या मगजात मेगाकॅरिओसाइट नावाच्या अवाढव्य पेशी असतात. त्या रक्तवाहिनीच्या भिंतीतून आपले लांबलांब हात आत सोडतात आणि वाहतं रक्त त्या हातांचे तुकडे तोडून नेतं. त्या तुकड्यांच्या होतात प्लेटलेट्स. एकेका पेशीतून हजारो. दिवसाला सुमारे दहा हजार कोटी! आयुष्य आठ-दहा दिवसांचं, पोटात केंद्रकसुद्धा नाही. शिवाय एक तृतीयांश तर प्लीहेतच मुक्कामाला असतात, त्या रिपोर्टात दिसतच नाहीत.

मग कमी पडल्या हे मगजाला कळतं कसं? यकृत थ्रोम्बोपोएटिन नावाचं एक संप्रेरक बनवत असतं, बरंचसं एका लयीत. प्लेटलेट्स ते पकडतात आणि गिळून टाकतात. त्या कमी झाल्या की ते रक्तात जास्त उरतं, आणि उरलेलं मगजापर्यंत पोचून कामाला लावतं. माझी आजी जेवणारी पानं कधी मोजायची नाही. पोळ्या ठरलेल्या. रात्री डबा उघडून बघितला की म्हणायची, ‘कोण उपाशी झोपलंय रे?’ आणि कुणीतरी झोपलेलं असायचंच, बहुतेक वेळा रुसून माझा धाकटा काका. विज्ञानाला हे संप्रेरक नीट हाती लागायला १९९४ साल उजाडलं.

आमचा प्लेटलेट्सशी खरा परिचय मात्र ढोपरापासूनचा. शाळेच्या मैदानावर मुरूम टाकलेला, त्यामुळे पडलं की सोलवटणं ठरलेलं. कुणीतरी कुंपणापासचा दगडी पाला आणायचं, तळहातावर चोळायचं आणि हिरवा रस जखमेवर पिळायचं. झोंबायचं असं की डोळ्यांतून पाणी. रक्त थांबायचं. श्रेय पाल्याला. मग खपली धरायची, आणि ती कडेने जरा सुटायला लागली की माझी नखं तिकडे. आई हातावर चापट मारायची. अजूनही माझ्यासमोर कुणाच्या कोपरावर अर्धवट सुटलेली खपली असेल तर त्याच्या बोलण्याकडे माझं लक्ष राहत नाही. हे सभ्य घरात सांगण्यासारखं नाही, पण आहे खरं.

माझ्या एका मित्राच्या मुलीला रक्ताचा कर्करोग झाला होता. केमोत मगजाचं कामच थंडावतं. मग बाहेरून प्लेटलेट्स द्याव्या लागतात. पिवळसर पिशवी, आत कुणा अनोळखी माणसाचं दान. ती फ्रिजमध्ये चालत नाही. वीस ते चोवीस अंशांत, सतत हलत्या ट्रेवर ठेवायची, आणि बहुधा पाच दिवसांत संपवायची. म्हणजे साठा करून ठेवायची सोय नाही. कुणीतरी सतत देत राहावं लागतं. त्या दिवसांत आम्ही सगळे फोनवर मित्राला आकडा विचारायचो. तो आकडा सांगायचा नाही. ‘आज ब्रश केल्यावर हिरड्यांतून रक्त नाही आलं,’ एवढंच म्हणायचा आणि फोन ठेवायचा.